जंगल असलेल्या गावात गरिबी का टिकते, आणि कमी होते ती कशामुळे?

प्रश्न असा आहे: जंगलामुळे गरिबी कमी होते, शाश्वत विकासाला हातभार लागतो, असं अभ्यासक्रमात वाचायला मिळतं. पण नकाशा पाहिला तर दाट जंगल असलेले जिल्हेच सर्वांत गरीब दिसतात. मग खरं काय? जंगल राखून एखाद्या गावाची परिस्थिती प्रत्यक्षात सुधारली आहे का, आणि सुधारली असेल तर नेमकी कशी?

नकाशाबद्दलचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. महाराष्ट्रात वनाच्छादन राज्याच्या क्षेत्रफळाच्या साडेसोळा टक्क्यांच्या आसपास आहे. गडचिरोलीत ते जिल्ह्याच्या दोन तृतीयांशाहून जास्त आहे, आणि मानव विकासाच्या बाबतीत हाच जिल्हा राज्याच्या तळाच्या रांगेत बसतो. मेळघाटाची आणि नंदुरबारच्या डोंगरी भागाची स्थिती फार वेगळी नाही. म्हणजे नुसती झाडं उभी असल्याने कोणाची गरिबी जात नाही, हे आधी मान्य करू.

मी पूर्व विदर्भातल्या ग्रामसभांबरोबर वनहक्काचे दावे, जंगलाचे व्यवस्थापन आराखडे आणि सर्वांत जास्त करून हिशेब या कामात बरीच वर्षं आहे. त्यातून बनलेलं माझं मत सरळ आहे. जंगलातला माल कोण विकतो आणि तो तोडण्याचा नियम कोण करतो, यावर त्या जंगलाशेजारचा माणूस गरीब राहणार की नाही हे ठरतं. हे दोन्ही अधिकार एकाच हाती, म्हणजे गावाच्या हाती आले, तेव्हा जंगलही सुधारलं आणि घरातही पैसा राहिला. एक आला आणि दुसरा आला नाही तिथे काम अर्धवट राहिलं.

आधी जंगलाची कमाई दिसत का नाही ते पाहू. सर्वेक्षणाला आलेला माणूस विचारतो, शेती किती, मजुरी किती, जनावरं किती. सरपण, वास्ते (बांबूचे कोवळे कोंब), सात्या (रानातली अळिंबी), तरोट्याची भाजी, कुड्याची फुलं, छपराचा बांबू, कुंपणाच्या काट्या, गुरांची चराई हे कागदावर येत नाही. सांगणाऱ्या बाईलाही ते उत्पन्न वाटत नाही, कारण त्याचे पैसे हातात पडत नाहीत. २०१४ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष आले. २४ विकसनशील देशांतल्या सुमारे ८,००० ग्रामीण कुटुंबांकडे वर्षभर पुन्हा पुन्हा जाऊन नोंदी घेतल्या होत्या. त्यात असं दिसलं की कुटुंबाच्या एकूण उत्पन्नापैकी सुमारे २८ टक्के वाटा जंगल, माळरान, नदीनाले अशा न पेरलेल्या निसर्गातून येतो, आणि त्यातला मोठा भाग जंगलाचा असतो. हा वाटा शेतपिकांच्या उत्पन्नाच्या जवळपास जातो.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते, मला मात्र ती जास्त महत्त्वाची वाटते. गरिबांच्या उत्पन्नात जंगलाचा वाटा मोठा असतो खरा, पण रुपयांत मोजलं तर त्याच परिसरातली बऱ्या स्थितीतली कुटुंबं जंगलातून अधिक कमावतात. त्यांच्याकडे बैलगाडी असते, घरात माणसं जास्त असतात, माल चार महिने ठेवून विकायची ताकद असते. म्हणून 'जंगल गरिबांचं' हे वाक्य ऐकायला छान असलं तरी गावातल्या गावात कोणाला किती मिळतं हा प्रश्न त्याने सुटत नाही. तो नियम करूनच सोडवावा लागतो.

आता आमच्याकडचं वर्ष कसं चालतं ते बघा. पावसावरचं धानाचं एक पीक. दिवाळीच्या आसपास धान घरात येतं आणि उन्हाळा लागेपर्यंत बऱ्याच घरांत तळ दिसू लागतो. तेवढ्यात मार्च-एप्रिलमध्ये मोह टपकायला लागतो, पाठोपाठ चारोळी, मग मे महिन्यात तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं. पाऊस पडला की सात्या आणि रानभाज्या. तेंदूचा पैसा मिळतो तो नेमका पेरणीच्या तोंडावर. जून महिन्यात बियाण्याला, खताला आणि मुलांच्या वह्यापुस्तकांना रोख लागते, आणि ती नसेल तर सावकाराकडे जावं लागतं. त्यामुळे मेअखेरीस हातात आलेल्या हजार रुपयांची किंमत डिसेंबरातल्या हजार रुपयांपेक्षा कितीतरी जास्त असते. जंगलाचं पहिलं काम हे, माणसाला आणखी खाली घसरू न देण्याचं. पण घसरण थांबणं वेगळं आणि वर चढणं वेगळं. वर चढायचं तर नफ्याचा भाग घरी आणि गावी उरला पाहिजे.

तेंदूचंच उदाहरण घ्या. हंगाम जेमतेम पंधरा-वीस दिवसांचा. अंधार असतानाच निघायचं, ऊन चढायच्या आत पानं तोडून घरी यायचं. मग म्हाताऱ्यांपासून मुलांपर्यंत सगळे मिळून ७० पानांचा एकेक पुडा बांधतात. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे, नंतर ते उलटेपालटे करून वाळवायचे. १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे गोणीमागे ७०,००० पानं, प्रत्येक हाताने तोडलेलं. महाराष्ट्रात १९६९ च्या वनोपज व्यापार नियमन कायद्याने हा व्यापार राज्याच्या ताब्यात गेला. वनविभाग जंगलाचे घटक, म्हणजे तोडणीचे भाग, पाडून त्यांचा लिलाव करी, ठेकेदार घटक घेई आणि तोडणाऱ्याला ठरलेली मजुरी मिळे. पुढे लिलावाच्या रकमेतून खर्च वजा करून बोनस वाटण्याची पद्धत आली, पण तो उशिरा येई आणि किती येणार हे तोडणाऱ्याला आधी माहीत नसे. आपल्या गावच्या पानाला बाजारात काय भाव पडला, हे त्या गावातल्या कोणालाच ठाऊक नसायचं. ज्याला आपल्या मालाचा भाव माहीत नाही तो फक्त मजूर असतो, मग जंगल कितीही दाट असो.

यात बदल झाला तो कायद्याने. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित, म्हणजे आदिवासी म्हणून जाहीर झालेल्या, क्षेत्रातल्या ग्रामसभांना गौण वनोपजाची, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातल्या इतर मालाची, मालकी दिली, पण महाराष्ट्रात त्याचे नियम यायला २०१४ उजाडलं. दरम्यान २००६ चा वनहक्क कायदा झाला आणि ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला. त्याची चर्चा बहुतेक वेळा शेतजमिनीच्या पट्ट्यांपुरती होते. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनची कसवणूक आणि कमाल ४ हेक्टर, हा भाग सर्वांना ठाऊक असतो. माझ्या दृष्टीने त्या कायद्याचा गाभा कलम ३ (१) मधल्या दोन उपकलमांत आहे. एकाने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकीहक्क मिळतो. दुसऱ्याने गावाच्या पारंपरिक हद्दीतल्या जंगलाचं संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क मिळतो. वर मी ज्या दोन अधिकारांबद्दल बोललो ते हेच. शिवाय गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूचं नाव स्पष्ट लिहिलं आहे. त्या एका शब्दामुळे गडचिरोलीत काय काय घडलं ते सविस्तर सांगायला हवं.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे साधारण शंभर घरांचं गोंड वस्तीचं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तुम्ही ऐकली असेल, ती इथली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही या कामामागची सर्वपरिचित नावं. घोषणेपेक्षा मला त्यांची रीत मोलाची वाटते. गावात बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो. ज्याचं पटत नाही त्याला पटेपर्यंत किंवा प्रस्ताव बदलेपर्यंत चर्चा चालते. सोबत अभ्यास गट असतात. मधमाशा न मारता मध कसा काढायचा, कायद्यात काय लिहिलं आहे, जंगलात काय उरलं आहे, हे गावकरी आधी बसून समजून घेतात आणि मग ठराव करतात. ही सवय वनहक्क कायदा येण्याच्या कितीतरी आधीची आहे.

२००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या काही पट्ट्यांपैकी तो एक. पण कागद हाती आला म्हणून बांबू विकता आला नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबू 'झाड' या व्याख्येत येत होता, आणि तो बाहेर न्यायला लागणारा वाहतूक परवाना द्यायला वनविभाग तयार नव्हता. मालक गाव, माल गावाचा, आणि तो रस्त्यावर आणला तर गुन्हा, अशी अवस्था. हा तिढा दोन वर्षं चालला. मार्च २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी राज्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनोपज मानायला सांगितलं. २७ एप्रिल २०११ रोजी ते आणि तत्कालीन मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढे सप्टेंबर २०१२ च्या सुधारित नियमांत परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे असल्याचं स्पष्ट लिहिलं गेलं. माझ्या कामाच्या अनुभवातून सांगतो, हक्काचा पट्टा आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक यांपैकी गरिबीवर खरा परिणाम करणारी वस्तू दुसरी आहे. पट्टा कपाटात राहतो, आणि परवान्याच्या पुस्तकाने मालाची गाडी गावाबाहेर पडते.

आज गडचिरोलीत चौदाशेहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळालेला आहे, एकूण क्षेत्र ५ लाख हेक्टरच्या घरात. देशात इतकं दाट काम फार थोड्या ठिकाणी झालं आहे.

आता जंगलाचं काय झालं ते. 'लोकांच्या हाती दिलं तर जंगल संपेल' ही भीती बोलून दाखवणारे प्रामाणिक लोक मला भेटतात, आणि तिला उत्तर बांबूच्या बेटात उभं राहून देता येतं. आमच्याकडे मुख्यतः मानवेल बांबू. पावसाळ्यात नवे कोंब येतात, एका हंगामात पूर्ण उंची गाठतात, आणि नंतरची दोन-तीन वर्षं काठी पक्की होत जाते. म्हणून तीन वर्षांवरचीच काठी तोडायची. यंदाचे आणि गेल्या वर्षीचे कोंब ठेवायचे, कारण त्यांच्यावर पुढचं बेट उभं राहतं. जमिनीलगतच्या पेराच्या वर स्वच्छ घाव घालायचा, म्हणजे बुंधा चिरत नाही आणि त्यात पाणी साचून कुजत नाही. पावसाळ्यात तोड पूर्ण बंद. जंगलाचे भाग पाडून पाळीपाळीने तोड, म्हणजे एका भागाला पुन्हा कुऱ्हाड लागेपर्यंत काही वर्षं विसावा मिळतो.

हे नियम वनविभागाच्या जुन्या कार्य आयोजनांतही होते. पण काठीच्या संख्येवर मजुरी मिळणारा मजूर बाहेरची, सोपी, कोवळी काठी आधी तोडतो. मधली जुनी गिचमिड तशीच राहते आणि काही वर्षांत बेट गुदमरतं. त्या मजुराला दोष देण्यात अर्थ नाही, पुढच्या वर्षी त्या बेटाशी त्याचा काही संबंध राहणार नव्हता. तोच माणूस ग्रामसभेचा सभासद म्हणून तोडायला गेला की त्याला ठाऊक असतं की तीन वर्षांनी याच बेटातून आपलीच कमाई यायची आहे. अनेक गावांनी आपणहून वास्ते विकण्यावर बंदी घातली, कारण एक कोंब खाल्ला म्हणजे एक काठी गेली. ज्याला उद्याचा हक्क आहे तोच उद्यासाठी ठेवतो. शाश्वत विकासावर मी जे काही वाचलं त्यातलं मला खरं वाटलेलं एवढंच आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावची गोष्ट याहून पुढची. २०१२ मध्ये त्यांना सुमारे १,००६ हेक्टरवर हक्क मिळाला. बांबूतून गावाला रोजगार मिळू लागल्यावर ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं. चांगला पत्ता यावा म्हणून तेंदूची छाटणी होते, जंगलाला वणवे लागतात, झाडाला फळ धरत नाही, आणि पानापासून बनते ती विडी. येणारा पैसा सोडून हा निर्णय झाला. शिवाय जंगलाचा एक भाग त्यांनी कुऱ्हाडीपासून पूर्ण राखून ठेवला. सगळ्या गावांनी तेंदू सोडावा असं मी म्हणणार नाही, कारण बहुतेक घरांना त्यावाचून पेरणी होत नाही. पण एका मालाचा भरवसा आला की गाव दुसऱ्या, जंगलाला महाग पडणाऱ्या मालाला नाही म्हणू शकतं, ही शक्यता पाचगावने दाखवली. पोट भरण्याची चिंता असेपर्यंत असा निर्णय कोणी घेऊ शकत नाही.

जंगल चांगलं होतं म्हणून हे जमलं, असं वाटत असेल तर मेळघाटच्या पायथ्याचं पायविहीर पाहा. २०१२ मध्ये या कोरकू गावाला मिळालेलं जंगल अवघं १९२ हेक्टर, तेही उजाड. गावाने चराई आवरली, रोजगार हमीतून खड्डे, बांध, रोपं केली, आणि सीताफळाच्या झाडांची राखण केली. फळाची प्रतवारी करून 'नॅचरल्स मेळघाट' या नावाने ते शहरांच्या बाजारात पाठवलं. २०१४ मध्ये या गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. काही वर्षं वाट पाहण्याची तयारी ठेवली आणि त्या काळात मजुरीचा दुसरा आधार मिळाला, तर हे उजाड जमिनीवरही होतं. तो आधार नसता तर रोपं शेळ्यांनी खाल्ली असती, कारण शेळी विकूनच घर चालवावं लागलं असतं.

आता अडचणी. गावांच्या यशाच्या बातम्या येतात, पण त्या मालाचे पैसे बुडाल्याच्या बातम्या आतल्या पानावर राहतात, म्हणून हे लिहिणं मला गरजेचं वाटतं.

ग्रामसभा स्वतः तेंदू विकू लागल्या तेव्हा भाव चढले. २०१७ चा हंगाम तर फारच मोठा गेला. लोकांनी मोटारसायकली घेतल्या, घरं बांधली, जुनी कर्जं फेडली. २०१८ मध्ये भाव कोसळले. दरम्यान जीएसटी लागू झाला होता, पत्त्यावर १८ टक्के आणि विडीवर २८ टक्के, आणि आदल्या वर्षी चढ्या बोलीने घेतलेला माल व्यापाऱ्यांच्या अंगावर आला होता. काही ठिकाणी व्यापाऱ्यांनी आपसात ठरवून बोलीच लावली नाही. काही जणांनी माल उचलला आणि रक्कम थकवली. पंधरा दिवस राबलेल्या घरांना मजुरी मिळाली, पण ज्यासाठी एवढा लढा दिला ती रॉयल्टी, म्हणजे मजुरीवरची मालकाची रक्कम, अडकली.

यातून शिकलेल्या गोष्टी फार साध्या आहेत, आणि प्रत्येक ग्रामसभेने त्या भिंतीवर लिहून ठेवाव्यात इतक्या महत्त्वाच्या. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन उघड लिलाव करा. अनामत घेतल्याशिवाय बोली मान्य करू नका. करारनामा मराठीत करा आणि सभेत वाचून दाखवा. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावरच गोणी हलू द्या. एकटं गाव व्यापाऱ्यासमोर दुबळं पडतं, म्हणून शेजारच्या गावांनी एकत्र लिलाव करावा. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली ती याच गरजेतून. आणखी एक गोष्ट आधी कोणाच्या ध्यानात येत नाही. विक्रेता झालेल्या ग्रामसभेला पॅन लागतं, जीएसटीचं बघावं लागतं, तेंदूवर व्यापाऱ्याकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल करायचा आयकर, घेऊन भरावा लागतो. हे न कळल्याने प्रामाणिक गावंही अडचणीत येतात. जंगलाची कमतरता असलेल्या गावांपेक्षा हिशेब लिहिणाऱ्याची कमतरता असलेली गावं मी जास्त पाहिली आहेत. वनविकासाच्या नावाने मिळणाऱ्या निधीतून प्रत्येक ग्रामसभेत दोन मुलं आणि दोन मुली हिशेबात तयार केल्या तर लाखभर रोपं लावण्यापेक्षा तो खर्च सार्थकी लागेल, असं मी प्रत्येक बैठकीत सांगतो.

बायकांबद्दल वेगळं सांगायला हवं. मोहफूल वेचणं, वाळवणं हे काम बहुतांशी त्यांचं. मार्च-एप्रिलमध्ये सगळ्यांच्या अंगणात मोह असतो, तेव्हा भाव सर्वांत कमी. घरात रोख नाही म्हणून बाई तेव्हाच गावातल्या दुकानदाराला विकते, आणि पावसाळ्यात तोच मोह चढ्या भावाने परत घेते. सरकारने २०२० मध्ये वाळलेल्या मोहफुलाला किलोमागे ३० रुपये आधारभूत किंमत जाहीर केली. पण खरेदी केंद्र वेळेवर उघडलं नाही तर तो आकडा कागदावर राहतो. राज्यात मोहफुलाच्या साठवणुकीवर दारूबंदी कायद्याखाली वर्षानुवर्षं निर्बंध होते, ते २०२१ मध्ये सैल झाले, हे चांगलं झालं. आता बायकांच्या गटाकडे कोरडी कोठी आणि मार्चमध्ये उचल द्यायला थोडं भांडवल असेल तर तीन-चार महिने माल थांबवता येतो. मोहफूल ओल धरतं, म्हणून कोठी साधी चालत नाही. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि तिथून वणवा पसरतो, त्यावर झाडाखाली जाळी बांधणं हा उपाय आहे. फूल स्वच्छ मिळतं, भावही बरा येतो. कायद्याने व्यक्तिगत पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो आणि ग्रामसभेच्या गणपूर्तीत एक तृतीयांश बायका लागतात. तरी मजुरीची रक्कम कुटुंबप्रमुखाच्या एकट्याच्या खात्यात जाते तिथे तो पैसा घरापर्यंत पूर्ण पोहोचत नाही. ज्या सभांनी पुडे मोजून देणाऱ्या बाईच्याच खात्यात पैसे टाकायला सुरुवात केली तिथे फरक दिसला.

वन्यप्राण्यांचा विषय टाळून हे उत्तर पूर्ण होणार नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीत मोह, तेंदू, सरपण गोळा करायला गेलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले होतात. २०२१ पासून छत्तीसगडमधून आलेले हत्ती धानाचं आणि घरांचं नुकसान करत आहेत. वाघ वाढले याचा आनंद देशभर होतो, त्याची किंमत मात्र पहाटे जंगलात शिरणारी बाई मोजते. भरपाई वाढली आहे, ती मिळायलाच हवी. पण गटाने जाणं, पहाटेची वेळ बदलणं, वाघाचा वावर असलेल्या भागाची त्या दिवशीची माहिती वनरक्षकाकडून फळीपर्यंत पोहोचणं, याने जीव वाचतात. इथे वनविभाग आणि ग्रामसभा यांनी एकत्र काम करण्यावाचून मार्ग नाही.

हे सगळं विदर्भापुरतं आहे का? नाही. नेपाळने १९९३ च्या कायद्याने जंगलं गावच्या वापरकर्ता गटांकडे सोपवली. तिथल्या १८,००० हून अधिक सामूहिक वनांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे सामूहिक व्यवस्थापन होतं तिथे गरिबी आणि जंगलतोड दोन्ही एकाच वेळी घटण्याची शक्यता ५१ टक्क्यांनी जास्त आढळली. नेपाळच्या गटांना उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा जंगलावर आणि ठरावीक हिस्सा गावातल्या गरिबांवर खर्च करावा लागतो. असा लेखी नियम आपल्या ग्रामसभांनीही करावा. नाहीतर बैलगाडीवाला आणि डोक्यावर भारा आणणारी विधवा यांना समान हक्क असूनही मिळकत समान होत नाही.

अपेक्षा मात्र मापातच ठेवा. जंगलाने कोणी श्रीमंत होत नाही. पूर्व विदर्भातून दरवर्षी हजारो लोक मिरची तोडायला तेलंगणात जातात, शाळकरी मुलांना सोबत घेऊन. ज्या गावांत हिवाळ्या-उन्हाळ्यात बांबूची तोड ग्रामसभेमार्फत चालते तिथून जाणाऱ्यांची संख्या घटल्याचं मी पाहिलं आहे. मूल शाळेत राहणं, पेरणीला कर्ज न काढणं, आजारपणात गावकोषातून बिनव्याजी रक्कम मिळणं, एवढा बदल होतो, आणि तो मोठा आहे. पण दवाखाना, रस्ता, शिक्षक यांची जागा बांबू घेऊ शकत नाही. 'तुमच्याकडे आता जंगलाचा पैसा आहे' असं म्हणून कोणी शासकीय जबाबदारी झटकू लागला तर ते ठामपणे नाकारायला हवं. अलीकडे कार्बन क्रेडिटचे, म्हणजे झाडं हवेतला कार्बन साठवतात त्याबद्दल पैसे देण्याचे, प्रस्ताव घेऊनही लोक गावात येतात. करार किती वर्षांचा, त्या काळात सरपण आणि चराईचं काय, पैसे कोणाच्या खात्यात, या प्रश्नांची उत्तरं लेखी आणि मराठीत मिळेपर्यंत अंगठा देऊ नये.

तुमच्या ओळखीत जंगलालगतचं गाव असेल आणि त्याचा दावा अजून झाला नसेल, तर सुरुवात अशी करा. व्यक्तिगत (कसलेल्या जमिनीचा), सामूहिक (वनोपज, चराई अशा वापराचा) आणि सामूहिक वनसंसाधन (जंगल राखण्याचा) हे दावे वेगवेगळे आहेत. व्यवस्थापनाचा अधिकार शेवटच्यानेच मिळतो, तेव्हा तो सुटू देऊ नका. पुराव्यासाठी तहसील कार्यालयातून निस्तार पत्रकाची, म्हणजे गावाच्या जंगलवापराच्या जुन्या सरकारी नोंदीची, नक्कल काढा, आणि गावातल्या जुन्या माणसांचे जबाब घ्या, तेही कायद्याने ग्राह्य आहेत. वनहक्क समितीने शेजारच्या गावांना सोबत घेऊन हद्द चालून नकाशा करावा, कारण पुढचे अर्धे वाद हद्दीचेच असतात. दावा ग्रामसभेतून प्रांताधिकाऱ्यांच्या उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जातो. प्रत्येक टप्प्यावर पोच घ्या आणि दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. पट्टा मिळाल्यावर पहिल्या वर्षी एकच माल विकायला घ्या, थोडाच. त्याचा जमाखर्च पूर्ण सभेत वाचून दाखवा, प्रश्न विचारू द्या, वही सर्वांना पाहायला खुली ठेवा. दुसऱ्या वर्षीचा लिलाव किती मोठा करायचा हे मग सभेलाच कळतं.